गोळी गेटापर्यंतच

"मालक, असली गोळी पायजे."

काउंटरवर ठेवलेला तुकडा दोन बोटांएवढा असेल. कात्रीने कापलेली पट्टी, आत तीन पांढऱ्या गोळ्या, मागच्या चंदेरी कागदावर ‘विक्रीसाठी नाही’ या सरकारी शिक्क्यातलं ‘नाही’ तेवढं शाबूत, आणि औषधाच्या नावाची शेवटची चार-पाच अक्षरं. माझं मेडिकल कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या अंगाला आहे. या धंद्यात बावीस वर्षं गेली, त्यामुळे शेपटावरून साप ओळखता येतो. फेनिटोइन, म्हणजे फिटची गोळी. पण ती पन्नासची की शंभरची, दिवसाला किती, सकाळ-संध्याकाळ की रात्री एकदम, हे त्या तुकड्यावर कुठून असणार?

"दिवसाला किती खायचास?"

"ते देतील तेवढ्या."

ते म्हणजे कोण, हे मागे उभ्या असलेल्या त्याच्या आईने सांगितलं. पोरगा दोन वर्षं आत होता, आज दुपारीच जामिनावर सुटला. कुठल्या तुरुंगातून ते मी इथे लिहीत नाही. आमच्या स्टँडवर चारी दिशांच्या गाड्या लागतात आणि ही गोष्ट एका तुरुंगाची नाही. आई म्हणाली, "आत हुता तवा बरा हुता बघा. एक बी फिट आली न्हाई."

तिच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून जामिनाच्या आदेशाची झेरॉक्स होती. पुढची तारीख, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी, साक्षीदारांना भेटायचं नाही, परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही. सगळं नीट टाइप केलेलं. गोळीचं नाव त्यात नव्हतं, आणि दुसरा कागदच नव्हता. मी त्याच झेरॉक्सच्या पाठीवर औषधाचं नाव देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि सकाळी लवकर सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, जाऊन केसपेपर काढा म्हणून सांगितलं. त्या रात्रीपुरतं मी आणखी काय केलं ते इथे लिहिणं बरं नव्हे. चिठ्ठीशिवाय हे औषध देता येत नाही आणि लायसन माझ्या नावावर आहे.

फेनिटोइन हे औषध नाजूक आहे. थोडं जास्त झालं की माणूस झुलायला लागतो, एकाचे दोन दिसतात. कमी पडलं की फिट. अचानक तोडलं तर फिटवर फिट येत राहते, मधे शुद्धच येत नाही, आणि त्यात माणूस दगावतो. पुस्तकात हे पहिल्या पानावर आहे. तुरुंगातल्या डॉक्टरला ते माहीत आहे, कंपाउंडरला माहीत आहे. तरी माणूस तीन गोळ्यांचा तुकडा घेऊन बाहेर येतो, कारण गेटाबाहेरचा माणूस त्यांच्या वहीत राहिलेला नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की गोळी माणसाबरोबर गेटाबाहेर आली पाहिजे, महिन्याभराची, आणि सोबत नाव-प्रमाण लिहिलेला कागद. म्हणणं इतकं साधं आहे की त्यावर लेख कशाला, असं कुणालाही वाटेल. पण यातली गंमत, आणि माझा खरा राग, पुढे आहे. काही आजारांच्या बाबतीत हे आपण आज करतोच.

क्षयरोग घ्या. तुरुंगात एखाद्याला टीबी निघाला की त्याची टीबी रुग्णांच्या ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवर नोंद होते. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. मधेच तो सुटला तर त्याची नोंद गावाकडच्या आरोग्य केंद्राकडे वर्ग करता येते, आणि मग तिथला माणूस फोन करतो, घरी येतो, गोळ्या देतो. पोषणाचे पैसे खात्यावर येतात ते वेगळंच. एचआयव्हीचंही तसंच. त्याची औषधं देणारं एआरटी केंद्र बदलता येतं, फाइल पुढे जाते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तर सरकारच्या ताब्यात असलेल्या प्रत्येक माणसाला तपासणी आणि उपचाराचा हक्कच दिला आहे. ही व्यवस्था कुठेकुठे गळते हे मी मान्य करतो. लाजेपायी माणूस खोटा पत्ता देतो, गाव सोडून जातो. पण व्यवस्था आहे.

मग फिटला का नाही? स्किझोफ्रेनियाला का नाही? इन्सुलिनला, बीपीला, थायरॉइडला का नाही? मला एकच उत्तर दिसतं. टीबी आपल्याला होऊ शकतो. सुटलेला माणूस गोळी न घेता खोकत फिरला तर तुमच्या-माझ्या पोराला धोका, म्हणून सरकार त्याच्या मागे त्याच्या गावापर्यंत जातं. फिट ज्याची त्यालाच येते. जी गोळी आपल्या भीतीची आहे तेवढी गेटाबाहेर येते. जी फक्त त्याच्या दुखण्याची आहे ती आतल्या कपाटात राहते. टीबीवाल्यांना दोष देण्यासाठी हे म्हणत नाही, उलट त्यांनीच दाखवून दिलं की हे होतं. पैसा लागतो, माणूस लागतो, संगणक लागतो, ही रड आता खपायची नाही.

कायद्याकडे बघितलं तर आणखी मजा. १८९४ चा कारागृह अधिनियम इंग्रजांचा. त्याच्या २६ व्या कलमात लिहिलंय की गंभीर आजारी बंद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध सोडायचं नाही, वैद्यकीय अधिकाऱ्याने सोडणं सुरक्षित आहे असं म्हटल्याशिवाय तर नाहीच. गोऱ्या साहेबालाही कळत होतं की सुटका हा आजारी माणसाच्या दृष्टीने धोक्याचा क्षण आहे. पण ‘इच्छेविरुद्ध’ या शब्दात सगळं पाणी मुरतं. ज्याचा जामीन झाला तो कधी म्हणेल का, साहेब, माझी शुगर स्थिर होईपर्यंत दोन दिवस ठेवून घ्या? चप्पल विसरून पळेल तो. म्हणजे संरक्षण अशा माणसाला आहे जो जगात सापडायचा नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या, कैद्यांना कसं वागवावं याच्या नेल्सन मंडेला नियमांतला २४ वा नियम जास्त शहाणा आहे. बाहेरच्या समाजात मिळतात त्याच दर्जाचे उपचार आत, आणि ते तुटू नयेत अशी बाहेरच्या आरोग्यसेवेशी सांगड. आपण तो नियम मानतो म्हणून सांगतो, आणि तुकडा कापून देतो.

आता आतलं थोडं सांगतो. सुटून आलेली माणसं माझ्याकडे येतात, त्यांच्या घरची येतात, त्यांच्याकडून जे ऐकलं ते.

आत गोळी हातात देत नाहीत, तोंडात देतात. कंपाउंडर समोर उभा, पाणी प्या, तोंड उघडा, जीभ वर करा. त्याला कारण आहे. झोपेच्या आणि मानसोपचाराच्या काही गोळ्यांना बराकीत भाव असतो. जिभेखाली ठेवून नंतर विकल्या जातात, साठवून एकदम खाल्ल्या जातात. तेव्हा डोळ्यादेखत गिळायला लावणं चूक म्हणता येत नाही. पण त्याचा परिणाम बघा. दोन-चार वर्षं औषध घेतलेल्या माणसाला आपल्या औषधाचं नाव माहीत नसतं. "एक पिवळी, एक पांढरी, पांढरी अर्धी," असं सांगतात. चाळिशीचा बाप्या, आणि औषधाच्या बाबतीत त्याला आईने भरवल्यासारखं ठेवलेलं. मग एका दुपारी गेट उघडतं आणि आपण म्हणतो, जा, आता तुझं तू घे. घरात गोळी संपायच्या आधी चार दिवस आठवण ठेवणं, चिठ्ठी जपणं, रांगेत उभं राहणं, हे सगळं शिकावं लागतं. बाहेरची धडधाकट माणसंसुद्धा त्यात चुकतात. माझ्या दुकानात बीपीची गोळी ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडणारे प्राध्यापक आहेत.

शुगरवाल्यांचं आणखी वेगळं. तुरुंगात संध्याकाळचं जेवण लवकर होतं, कारण दिवेलागणीच्या आधी बंदी होते, बराकीला कुलूप लागतं. पाचच्या सुमाराला जेवण आणि मग थेट सकाळचा चहा. त्या वेळापत्रकावर बसवलेला गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस घरी रात्री साडेनऊला भाकरी खाणाऱ्याला जसाच्या तसा चालत नाही. हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. सांगायला दोन मिनिटं लागतात.

झोपेच्या गोळीवर मात्र मी थोडा थांबणार आहे, कारण तिथे सहानुभूती दाखवणारेही गप्प बसतात. बराकीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार देशातल्या तुरुंगांत १०० जणांच्या जागेत १३१ माणसं होती. कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवायचं, रात्रभर दिवा चालू, कुणीतरी रडतंय, कुणी ओरडतंय. अशा ठिकाणी झोप येत नाही याला आजार म्हणायचं का? पण झोपेची गोळी मागितली जाते आणि दिली जाते. मागणाऱ्याची रात्र सरते, ठेवणाऱ्याची रात्र शांत जाते. अल्प्राझोलाम, डायझेपाम असलं काहीतरी महिनोन्‌महिने चालू राहतं. मग सुटका होते आणि एका दिवसात ते शून्यावर येतं. हात थरथरणं, घाम, झोप पार उडणं, आणि सवय फार जुनी असेल तर फिटसुद्धा. ही औषधं हळूहळू, टप्प्याटप्प्याने उतरवायची असतात. २०१४ पासून यातली बरीच एच-वन या कडक नियमांच्या यादीत आहेत. मला पेशंटचं, डॉक्टरचं नाव, किती दिल्या, सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहून तीन वर्षं जपावं लागतं. मी ते काटेकोर पाळतो. पण पाळताना मला हेही दिसतं की माझ्या काउंटरवरून रिकामा परत गेलेला माणूस कुठे जाणार आहे. ‘बटण’, म्हणजे नशेच्या गोळ्या, विकणारे चिठ्ठी मागत नाहीत. म्हणजे तुरुंगाने लावलेली गोळी, सरकारने घातलेली बंदी आणि बाजारात उभा असलेला विक्रेता, या तिघांच्या मधे एक माणूस, आणि त्याला पुढच्या सोमवारी हजेरीला जायचंय.

सुटकेनंतरचे पहिले दिवस किती वाईट, याचा एक हिशेब अमेरिकेत झाला आहे. वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या ३०,२३७ जणांचा मागोवा घेतला. २००७ मध्ये तो छापून आला. पहिल्या दोन आठवड्यांत या लोकांचा मृत्यूचा धोका राज्यातल्या इतर लोकांच्या जवळजवळ तेरा पट निघाला, आणि नशेच्या औषधांच्या अतिसेवनाने मरण्याचा १२९ पट. आत राहून शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर येऊन माणूस जुन्या मापाने घेतो आणि श्वास बंद पडतो. स्कॉटलंडने २०११ पासून असा धोका असलेल्यांना सुटताना नॅलोक्सोन, म्हणजे त्यावरचा उतारा, सोबत द्यायला सुरुवात केली. आमच्या इकडचं दुखणं हेरॉइनपेक्षा दारूचं आणि गोळ्यांचं जास्त, त्यामुळे ते आकडे उचलून कोल्हापूरला चिकटवणार नाही. पण गेट ओलांडल्यानंतरचे पंधरा दिवस हे आजारी माणसाचे दिवस समजायचे, एवढं तरी त्यातून घ्यायला हरकत नसावी.

दुकानात हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "साध्या माणसाला सीपीआरला तीन तास रांगेत उभं राहावं लागतं, आणि ह्या लोकांच्या हातात महिन्याची पुडी?" यातली चीड मला कळते. रांगेत उभी राहणारी माणसं माझीच गिऱ्हाइकं आहेत. पण साधा माणूस रांग सोडून दुसरीकडे जाऊ शकतो, मेव्हण्याकडून उसने घेऊ शकतो, माझ्याकडे उधारी करू शकतो. आत असलेल्याचे हे सगळे रस्ते आपण, म्हणजे सरकारने, बंद केलेले असतात. त्याच्या खिशातली घरची गोळीसुद्धा आत जाताना गेटावर काढून घेतलेली असते. ती काढून घेणं योग्यच, गोळीच्या नावाखाली काय काय आत जातं ते सगळ्यांना माहीत आहे. पण काढून घेतली म्हणजे जबाबदारी घेतली.

आणि ‘ह्या लोकांच्या’ म्हणजे कुणाच्या? २०२२ च्या अखेरीला देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारातले तीन. गुन्हा सिद्ध झालेला नाही, खटला चालू आहे, काही जणांचा तर सुरूही झालेला नाही. उद्या त्यातले कितीतरी निर्दोष सुटतील. इथल्या कळंबा कारागृहातल्या बंद्यांनी वळलेले लाडू अंबाबाईचा प्रसाद म्हणून आपण डोळे मिटून, कपाळाला लावून खाल्ले आहेत. तेव्हा कुणी हात आखडला नाही.

कच्च्या कैद्यांचा हा आकडा दुसऱ्या कारणानेही महत्त्वाचा आहे. पक्क्या कैद्याची सुटकेची तारीख आधी माहीत असते. संचित रजा (फर्लो), अभिवचन रजा (पॅरोल) हेही आधी कळतं. डॉक्टरला तयारी करता येते. कच्चा कैदी कधी सुटेल ते देवालाही ठाऊक नसतं. सकाळी तारखेला नेलेला माणूस संध्याकाळी घरी असू शकतो. त्यात आता एक चांगली गोष्ट झाली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आपण, सहा जिल्ह्यांचे जामीन इथे होतात, मुंबईची वारी संपली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्येच सांगून ठेवलंय की जामिनाच्या आदेशाची प्रत ईमेलने तुरुंगाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गेली पाहिजे. सुटका जलद झाली, हे उत्तमच. पण सुटका जलद झाली की गोळीची तयारी करायला वेळ आणखी कमी.

म्हणून कार्ड सुटताना करून चालणार नाही. दाखल होताना केलं पाहिजे. आत येणाऱ्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी कायद्याने करावीच लागते. त्याच दिवशी बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासारखं एक जाड कागदाचं कार्ड: आजार, औषधाचं नाव, किती, कधी, शेवटचा बदल कुठल्या तारखेला. औषध बदललं की कार्डावर ओळ वाढवायची. हे कार्ड त्याच्याबरोबर दुसऱ्या तुरुंगात जाईल, तारखेला जाताना दुपारचा डोस गार्डाकडे द्यायला उपयोगी पडेल, आणि गेट उघडेल तेव्हा खिशात असेल. गोळ्यांची पुडी रोख्याची कागदपत्रं होईपर्यंतच्या तासा-दोन तासांत बांधून होते. पट्टी मात्र कापू नका. कापायचीच तर नावाची बाजू ठेवा. झोपेच्या गोळ्यांची महिन्याची पुडी नको, आठवड्याचीच द्या, कमी कशी करायची ते लिहून. बटणाच्या बाजाराची काळजी मलाही आहे.

आणि कार्डाच्या खाली एक पत्ता. मानसिक आजारासाठी २०१७ च्या कायद्याने प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगात मानसिक आरोग्य केंद्र असावं असं म्हटलंय. एका तुरुंगात, अख्ख्या राज्यात. महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं चार, त्यातलं आपल्याला जवळचं रत्नागिरीला, म्हणजे आंबा घाट उतरून. सुटलेला माणूस दर महिन्याला घाट उतरणार नाही. तेव्हा पत्ता सीपीआरच्या बाह्यरुग्ण विभागाचाच हवा, वारासकट. आणि इथे कोल्हापूरला एक सोय आहे जी दुसरीकडे नसेल. सर्किट बेंच ज्या जुन्या न्यायसंकुलात बसतं ते सीपीआरच्या समोर आहे. जामीन देणारी खुर्ची आणि गोळी देणारी खिडकी यांच्यामधे भाऊसिंगजी रोडची रुंदी तेवढी. न्यायालयाने जामिनाच्या अटींत एक ओळ घालावी: ‘अर्जदाराचं औषधोपचाराचं कार्ड आणि तीस दिवसांची औषधं सुटकेच्या वेळी देण्यात यावीत.’ सोमवारची हजेरी लिहिता येते तर ही ओळही लिहिता येईल. आणि विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक वकीलपत्रासाठी तुरुंगात जातातच, त्यांनी कार्ड आहे का एवढं विचारायला वेगळा भत्ता लागू नये.

मधे दोन-अडीच महिन्यांनी ती आई पुन्हा आली. या वेळी सीपीआरची चिठ्ठी होती, शंभरची, रात्री तीन. पोरगा मार्केट यार्डात हमालीला जातो म्हणाली. एकदा फिट आली होती, सुटल्यावर चौथ्या दिवशी, चुलीजवळ नव्हता म्हणून वाचला. पैसे काढताना पिशवीतून तीच झेरॉक्स बाहेर आली, घड्या पडून मऊ झालेली. त्यावरची तारीख कधीच होऊन गेली होती. मी म्हटलं, "मावशी, हा कागद आता टाकून दिला तरी चालंल." तिने तो उलटा करून माझ्याच अक्षराकडे बोट दाखवलं, आणि परत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला.